तांब्याचा कोअर की ॲल्युमिनियमचा नवा रेडिएटर?

उत्साही: जुन्या एमएम ५४० जीपला पुन्हा तोच तांबे-पितळेचा रेडिएटर बांधून घेण्यात मला काही अर्थ दिसत नाही. गाडी घाटात तापते, वरच्या टाकीच्या सांध्यातून पाणी झिरपतं, खालच्या बाजूची जाळी बोट लावलं तर भुगा होऊन गळते. एवढी अवस्था झाल्यावर कोअर, म्हणजे नळ्या-जाळीचा गाभा, बदलायला पैसे घालण्यापेक्षा पूर्ण ॲल्युमिनियमचा नवा रेडिएटर बसवावा. वजन बरंच कमी होतं, सांधे शिशाच्या डागावर अवलंबून राहत नाहीत, आणि जगभरचे कारखाने याच वाटेने गेले आहेत. फोक्सवॅगनने १९७०च्या दशकातच ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकच्या टाक्या असलेले रेडिएटर गाड्यांना लावले. आज चाकणमधून बाहेर पडणाऱ्या नव्या मोटारीत तांब्याचा रेडिएटर शोधून सापडणार नाही. एवढ्या इंजिनिअरांनी मिळून चूक केली असं म्हणायचं का?

साशंक: चूक केली असं मी म्हणत नाही. त्यांनी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर शोधलं. कारखान्याला लाखो नग हवेत, सगळे एकसारखे, यंत्रावर जोडता येणारे, हलके आणि स्वस्त. तांबं महाग, पितळ जड, आणि डाग द्यायला हात लागतात. त्यांच्यासाठी ॲल्युमिनियम योग्यच होतं. पण जीपच्या मालकाला लाख नग बनवायचे नाहीत, एक नग वीस वर्षं चालवायचा आहे. कारखान्याची हमी संपल्यावर गाडीचं काय होतं, हा कारखान्याचा प्रश्न नसतो, मालकाचा असतो. आणि उष्णतेचंच बोलायचं तर तांब्याची उष्णतावाहकता मीटरला अंशामागे सुमारे ४०० वॅट आहे. शुद्ध ॲल्युमिनियमची २३७च्या आसपास, आणि रेडिएटरला वापरतात त्या मिश्रधातूंची त्याहून कमी. घाटात तापणाऱ्या गाडीला कमी वाहक धातू द्यायचा सल्ला मला उलटा वाटतो.

उत्साही: हाच आकडा रेडिएटरच्या दुकानात सर्वांत जास्त फेकला जातो आणि सर्वांत जास्त फसवतो. तांब्याच्या म्हणवल्या जाणाऱ्या रेडिएटरमध्ये तांबं असतं ते जाळीत. पाणी वाहतं त्या नळ्या पितळी, आणि पितळेची वाहकता शंभर-सव्वाशेच्या घरात. नळी आणि जाळी जोडणारा कथील-शिशाचा डाग तर पन्नासच्या आसपास. ॲल्युमिनियमच्या कोअरमध्ये नळी, जाळी आणि सांधा एकाच कुळातल्या धातूचे असतात आणि भट्टीत एकदमच एकजीव होतात.

पण हेही बाजूला ठेवू, कारण खरी अडचण धातूत नाहीच. या जीपचं प्युजो इंजिन २११२ सीसीचं, साठेक अश्वशक्तीचं, आणि जुन्या पद्धतीचं: डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावर न फवारता हेडमधल्या छोट्या कप्प्यात फवारलं जातं. अशा रचनेत जळत्या वायूचा धातूला जास्त स्पर्श होतो, म्हणून थेट फवारणीच्या इंजिनापेक्षा पाण्यात जास्त उष्णता उतरते. हिशोबासाठी पाण्यातून बाहेर टाकायची उष्णता ४० किलोवॅट धरा. पाणी रेडिएटरमध्ये सहा अंशांनी थंड करायचं तर सेकंदाला दीड-पावणेदोन लिटर पाणी फिरायला हवं. तेवढं वॉटर पंप करू शकतो. हवेचा हिशोब मात्र वेगळा आहे. हवा तीस अंशांनी तापू द्यायची म्हटली तरी सेकंदाला सव्वा किलोच्या वर हवा लागते, म्हणजे हजार लिटरपेक्षा जास्त. पाणी दोन लिटरसुद्धा नाही आणि हवा हजार लिटर! जाळीच्या पत्र्यातून उष्णता जाते चटकन. पत्र्यावरून हवेत जाताना ती अडते. म्हणून जाळीचं क्षेत्रफळ आणि तिच्यातून जाणारी हवा निर्णायक ठरते. पत्रा तांब्याचा की ॲल्युमिनियमचा, हा त्यानंतरचा प्रश्न.

यात नवीन काही नाही. विल्हेल्म मायबाखने १९०१च्या मर्सिडीज ३५ एचपी गाडीला मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर दिला. त्यात ६ मिलिमीटर बाजूच्या ८,०७० चौकोनी नळ्या होत्या, आणि नळ्यांमधून हवा जायची, पाणी त्यांच्या भोवतीने. त्याआधी गाड्या ढीगभर पाणी उकळून वाफेवर उडवत असत. मायबाखला ते भागलं अवघ्या नऊ लिटरांत, कारण त्याने हवेला लागणारा पृष्ठभाग वाढवला.

साशंक: हे मला मान्य आहे. ते मान्य केल्यावर तुमचाच मुद्दा तुमच्या अंगावर येतो. अडचण हवेची असेल तर धातू बदलून ती सुटणार कशी? रेडिएटर बदलावा असं आपण गृहीत धरून बसलो आहोत. खरं तर पहिला प्रश्न असा, की दोष रेडिएटरचाच आहे का.

घाटात दुसऱ्या गिअरमध्ये ताशी वीसने चढताना गाडीच्या वेगाची हवा मिळतच नाही. सगळा भार पंख्यावर. पंख्याचा पट्टा सैल असेल, पंख्याभोवतीचं श्राउड कुणा मिस्त्रीने कधीतरी अडचण म्हणून काढून फेकलं असेल, तर पंखा तीच गरम हवा बोनेटखाली घुसळत राहतो. गाडी हळू चालताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर थंड होते, ही हवेच्या अडचणीची खूण. उलट, सपाट रस्त्यावर वेगात, भार घेऊन चालताना काटा चढत असेल तर संशय कोअरवर, नाहीतर खालच्या होजवर. खालच्या होजमध्ये पंपाची ओढ असते. आतली स्प्रिंग गंजून गेली की वेगात तो होज चपटा होतो आणि पाणी अडतं. गाडी उभी करून बोनेट उघडेपर्यंत होज पुन्हा फुगलेला, मग दोष सापडत नाही. झाकणाची रबरी गादी कडक झाली असेल तर दाब टिकत नाही. आणि गाडी सुरू केल्या केल्या, पाणी गार असतानाच रेडिएटरच्या तोंडातून बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट गेलं आहे. अशा गाडीला सोन्याचा रेडिएटर लावा, ती पाणी फेकणारच.

इथे साशंकाची बाजू भक्कम आहे, हे नोंदवायला हवं. गाडी तापली की थर्मोस्टॅट काढून टाकायचा, हा अनेक गॅरेजांतला पहिला उपाय आजही आहे. त्याने तापणं थांबतंच असं नाही. काही इंजिनांत थर्मोस्टॅट काढल्यावर बायपासचा मार्ग उघडाच राहतो आणि बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालून जातं. शिवाय गार हवेत इंजिन हव्या त्या तापमानाला पोचत नाही, डिझेल नीट जळत नाही, झीज वाढते. दोष न शोधता सुटा भाग काढणं आणि दोष न शोधता नवा रेडिएटर घेणं या एकाच सवयीच्या दोन बाजू आहेत, फक्त दुसरी जास्त महाग.

उत्साही: ठीक. हे सगळं तपासलं असं धरू. पट्टा नवा, श्राउड जागेवर, गॅस्केट शाबूत, थर्मोस्टॅट गरम पाण्याच्या पातेल्यात ८२ अंशांच्या आसपास उघडताना पाहिलेला. मग इंजिन गरम करून तापमान मोजायची बंदूक कोअरवरून फिरवली. वरून खाली तापमान हळूहळू उतरायला हवं. इथे मात्र मध्येच गार पट्टे सापडले. त्या नळ्यांतून पाणीच जात नाही, त्या क्षाराने बुजल्या आहेत. आता तर रेडिएटर बदलायचाच ना?

साशंक: आता रेडिएटरकडे बघायचं, एवढंच. आणि इथेच तांबे-पितळेची खरी ताकद दिसते. तालुक्याच्या गावी रेडिएटरचं दुकान असतं. तिथे काय करतात ते पाहण्यासारखं आहे. कारागीर वरच्या टाकीच्या कडेवर ज्योत फिरवतो, डाग पातळ होतो, टाकी अलगद सुटते. खाली नळ्यांची तोंडं ओळीने दिसतात, काहींवर पांढरट खडीसारखं कवच. मग पोलादाची चपटी पातळ पट्टी एकेका नळीतून खालपर्यंत घालतो आणि ओढतो. याला रॉडिंग म्हणतात. पट्टी अडते तिथे हाताला कळतं. नळी साफ झाली की पाणी सोडून पाहतो, फुटलेली असेल तर दोन्ही टोकांना बंद करतो, टाकी परत बसवून डाग देतो, आणि हवा भरून हौदात बुडवतो. बुडबुडा दिसला तिथे पुन्हा डाग. जाळीच गळून गेली असेल तर टाक्या जुन्या, कोअर नवा. मापं तीच, ब्रॅकेट तेच, होज तेच.

तुमच्या प्लॅस्टिकच्या टाकीचं काय? ती काचतंतू मिसळलेल्या नायलॉनची असते. वर्षानुवर्षं गरम कूलंट खाऊन ठिसूळ होते आणि बहुतेकदा होजच्या तोंडाशीच तडा जातो. आंबेनळी घाटात, पोलादपूर आणि महाबळेश्वरच्या मध्ये ते तोंड हातात आलं तर काय करणार? तांब्याची गळती चिमटीत धरून, नळी वाकवून, डाग देऊन गावापर्यंत आणता येते.

उत्साही: प्लॅस्टिकच्या टाकीबद्दल तुमचं खरं आहे. म्हणूनच मी पूर्ण ॲल्युमिनियमचा म्हणालो, टाक्याही वेल्ड केलेल्या. पण तुमच्या दुकानातल्या चित्रात एक गोष्ट तुम्ही सोडून दिलीत. त्या ज्योतीतून जे उडतं त्यात शिसं असतं. बंद खोलीत, तोंडाला फडकंही न बांधता, रोज दहा तास. रेडिएटर दुरुस्त करणाऱ्यांच्या रक्तात शिसं साठतं, हा औद्योगिक वैद्यकातला नोंदलेला, जुना धोका आहे. दुकानाच्या पायरीवर पोरं खेळत असतात. जो स्वस्तपणा आपण दुरुस्तीत मोजतो त्याची किंमत दुसराच कुणी भरत असतो. तुम्ही मालकाचं हित सांगितलंत, कारागिराचंही सांगा.

साशंक: याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि असल्याचा आव आणणार नाही. हवा खेचणारा पंखा, मास्क, काम झाल्यावर हात धुणं, हे सगळं करता येतं आणि फार थोडे जण करतात. शिशाशिवाय तांबे-पितळेचा कोअर भट्टीत जोडायचं तंत्र आहे. तांबे उद्योगाने १९९०च्या दशकात ते ‘कुप्रोब्रेझ’ या नावाने पुढे आणलं. पण ते कारखान्याचं काम. ज्योतीवाल्या दुकानाला त्याचा उपयोग नाही. मात्र एक विचारतो. ते दुकान बंद पडलं तर तो कारागीर काय करेल, आणि पुढच्या वेळी गळती झाली की तुम्ही कुठे जाल?

उत्साही: जाणार नाही, नवा बसवेन. तुम्हाला ते उधळपट्टी वाटेल. पण नवा कोअर बांधून घेण्यातही डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. जुन्याचं तांबं वजनावर वजा करून दुकानदार दर सांगतो आणि वर म्हणतो, ‘तीन रोच्या जागी चार रो देतो साहेब, बर्फासारखी राहील.’ चार ओळी ऐकायला छान. पण मागच्या ओळींपर्यंत पोचणारी हवा पुढच्या ओळींनी आधीच तापवलेली असते, आणि जाडी वाढल्याने हवेला अडथळाही वाढतो. पंखा तोच राहिला तर चौथ्या ओळीचा फायदा तिच्या वजनाच्या मानाने थोडाच. खरं मोजायचं ते एका इंचात जाळीच्या किती घड्या आहेत आणि रुंदीत किती नळ्या आहेत. कोअर बदलताना नेमकी इथेच काटकसर होते. मूळच्यापेक्षा नळ्या कमी, घड्या विरळ, वरून जाड काळा रंग. बाहेरून नवा कोरा दिसतो, घाटात जुन्याहून वाईट. ॲल्युमिनियमच्या नळ्या इंचभर किंवा त्याहून रुंद बनवता येतात, म्हणून दोनच ओळींत चार अरुंद ओळींएवढा स्पर्श मिळतो, आणि हवेला वाट मोकळी.

साशंक: घड्या मोजा, जरूर मोजा. पण जास्त म्हणजे चांगलं, असं समजू नका. ही जीप कुठे चालते? उसाच्या फडात, कापणीच्या दिवसांत, पाचटाच्या तुसात. दाट जाळीत तूस, पतंग आणि धूळ जाऊन बसतात, वर तेलाचा हात फिरतो आणि त्याचा नमदा होतो. ट्रॅक्टरची जाळी विरळ ठेवतात ती याचसाठी, हाताने, पाण्याने, उलट्या हवेने साफ करता यावी म्हणून. प्रयोगशाळेत दाट जाळी जिंकते. तीन आठवडे फडात राहिल्यावर बहुतेकदा विरळ जाळी जिंकते. आणि धुताना कुणी गाडी धुण्याचा जोरदार फवारा जवळून मारला तर ॲल्युमिनियमच्या पातळ घड्या आडव्या पडतात आणि हवेची वाटच बंद होते.

उत्साही: घड्यांबाबत मागे येतो. इंचाला मध्यम संख्या घेऊ, पुढे काढता येणारी बारीक जाळी लावू. पण उन्हाळ्याचा विचार तुम्हीही करा. रेडिएटरचं काम पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर चालतं. बाहेर तीस अंश असताना शंभर अंशांच्या पाण्याला सत्तर अंशांचा फरक मिळतो. चंद्रपूर-अकोल्यात मे महिन्यात पंचेचाळीस अंश झाले की फरक उरतो पंचावन्न. म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा आणि क्षमता पाचव्या हिश्श्याहून जास्त घटलेली. कोकणात पुरणारा कोअर विदर्भात कमी पडतो तो असा. म्हणून निवडताना सोय बघून चालत नाही, जागेत मावेल तेवढी क्षमता आधीच घ्यावी लागते.

साशंक: आणि क्षमता हवी म्हणून सर्वांत आधी काय बदलतात? झाकण. सात पौंड दाबाचं काढायचं आणि तेरा-पंधरा पौंडांचं बसवायचं. हे मात्र थांबवायला हवं.

झाकणाचा मुद्दा दोघांनाही सारखाच पटलेला आहे, आणि तो नीट समजून घेण्याजोगा आहे. साधं पाणी समुद्रसपाटीला शंभर अंशांना उकळतं. महाबळेश्वरला, सुमारे १,३५० मीटरवर, ९५-९६ अंशांनाच उकळतं. झाकण आत दाब धरून हा बिंदू वर ढकलतं. सात पौंडांचं झाकण समुद्रसपाटीला पाण्याला साधारण १११ अंशांपर्यंत उकळू देत नाही, महाबळेश्वरला १०८ पर्यंत. तेरा पौंडांचं असेल तर खाली ११९च्या जवळ. पण हा वाढीव दाब टाक्यांचे सांधे, जुने होज, पंपाचं सील सगळ्यांवर येतो. जुन्या रेडिएटरवर जास्त दाबाचं झाकण लावणं म्हणजे सर्वांत कमजोर सांधा कोणता, हे घाटात शोधून काढणं. आणि उकळणं लांबवल्याने उष्णता बाहेर जात नाही. इंजिन तापलेलंच राहतं, वाफ दिसत नाही एवढंच.

उत्साही: झाकण रेडिएटर ज्याने बनवला त्याने सांगितलेल्या दाबाचंच. मान्य. पण कूलंट घालायला तरी तुमची हरकत नसावी. अर्धं ग्लायकॉल, अर्धं पाणी, आणि गंजरोधक.

साशंक: हरकत नाही, पण त्याचा अर्थ लक्षात ठेवा. ग्लायकॉल उकळबिंदू वाढवतं, साध्या दाबालाही १०७च्या आसपास नेतं, पण उष्णता वाहून न्यायची पाण्याची ताकद कमी करतं. त्या मिश्रणाची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता पाण्याच्या पाच-षष्ठांशाच्या जवळपास उरते. महाराष्ट्रात पाणी गोठायची भीती नाही. आपल्याला कूलंट हवं ते गंजरोधकासाठी. आणि इथे माझी खरी शंका येते, जी मी मुद्दाम शेवटी ठेवली होती.

पाणी कोण भरणार? तुम्ही स्वतः गाडी चालवता तोपर्यंत डब्यावर आयएस ५७५९ छापलेलं कूलंट आणि खनिजरहित पाणी मोजून घालाल. पण जीप मळ्यावर जाते, ड्रायव्हर बदलतो. पाणी कमी झालं की विहिरीवरची बादली. मराठवाड्यातलं बोअरचं पाणी म्हणजे क्षार आणि क्लोराईड. तांबे-पितळेत त्याने कवच बसतं, नळ्या हळूहळू बुजतात, पण रॉडिंगने उघडता येतात. ॲल्युमिनियमला क्लोराईड टोचून खातो, टाचणीएवढी भोकं पाडतो. आणि गळती लागली की ड्रायव्हर काय करतो तेही तुम्हाला माहीत आहे. मूठभर हळद. हळद भोकात बसते आणि गाडी घरी येते, हे खरं आहे. तीच हळद नळ्यांतही बसते, आणि त्या साफ करायला तुमच्या वेल्ड केलेल्या टाकीत पट्टी घालता येत नाही.

उत्साही: आणि तुमच्या टाकीत घालता येते, म्हणून तुम्ही गढूळ पाण्याला परवानगी देता. हे मला पटत नाही. कवच फक्त रेडिएटरमध्ये बसत नाही. ते इंजिनच्या ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या मागच्या बाजूला, हेडच्या अरुंद वाटांत बसतं. तिथे पट्टी घालणारं दुकान नाही. तांब्याचा रेडिएटर खराब पाणी सहन करतो हे खरं असेल, पण इंजिन सहन करत नाही. त्यामुळे पाण्याची शिस्त दोन्ही पर्यायांत सारखीच लागते. ॲल्युमिनियम त्या शिस्तीचा भंग लवकर दाखवतं, तांबं उशिरा. उशिरा कळणं हा गुण मानायचा का?

साशंक: हा प्रश्न मला अडवतो. पण लवकर दाखवणं म्हणजे रानात गाडी उभी राहणं, हेही विसरू नका. आणि ॲल्युमिनियमवर एक आणखी संकट येतं, ज्याचा पाण्याशी संबंध नसतो. जुन्या जीपमध्ये इंजिन आणि चॅसी यांना जोडणारी अर्थिंगची वायर तुटलेली असते, किंवा गंजलेल्या नटावर टेकलेली. मग स्टार्टर-दिव्यांचा प्रवाह परतीची वाट शोधत कूलंटमधून जातो आणि रेडिएटर आतून खातो. मल्टीमीटरची काळी पिन बॅटरीच्या ऋण टोकाला, लाल पिन धातूला न टेकवता कूलंटमध्ये. इंजिन सुरू, दिवे लावलेले, हॉर्न दाबलेला. ॲल्युमिनियमसाठी ०.१ व्होल्टच्या वर काही दिसलं तर आधी अर्थिंग दुरुस्त करा. नवा रेडिएटर वर्षात भोकं पडून परत आला आणि मालाला शिव्या दिल्या, असं होतं तेव्हा दोष कधीकधी या वायरचा असतो.

उत्साही: हे मी यादीत घेतो, आणि हेही सांगतो की यामुळे माझा निर्णय बदलत नाही, त्याच्या अटी वाढतात. कोअरची उंची, रुंदी, जाडी. होजच्या तोंडांचा व्यास आणि ती कोणत्या बाजूला. पंख्याचं पातं आणि कोअर यांतलं अंतर, कारण रबरी माउंटिंगवर इंजिन हलतं आणि ब्रेक मारला की पुढे झुकतं. ब्रॅकेटखाली रबर, कारण खडकाळ वाटेवर चॅसी पिळते आणि घट्ट आवळलेल्या रेडिएटरच्या सांध्याला तीच पीळ बसते. मग झाकणाचा दाब, काढता येणारी जाळी, अर्थिंग आणि पाण्याचा डबा गाडीतच, ड्रायव्हरला बादली शोधावी लागू नये म्हणून.

साशंक: अटी वाढल्या म्हणजे निर्णय बदलला, असं मी म्हणेन. तुम्ही सुरुवात केलीत धातूपासून, आता तुमच्या यादीत धातू एका ओळीपुरता उरला आहे. माझीही यादी बदलली. कोअर बांधून घेतला तरी नळ्या आणि घड्या मूळच्याएवढ्या आहेत का, हे टाकी बसवण्याआधी मी स्वतः मोजेन, आणि कारागीर पंख्यासमोर, मास्क लावून काम करतो का, तेही पाहीन. पण मळ्यावरच्या त्या बादलीचं तुम्ही उत्तर दिलेलं नाही. पाण्याचा डबा गाडीत ठेवला तरी तो संपतो.

उत्साही: आणि ज्योतीतून उडणाऱ्या शिशाचं तुम्ही दिलेलं नाही. मास्क पाहून तुम्ही गाडी त्या दुकानात द्याल, दुसरा मालक मास्क न पाहताच देणार नाही का?

साशंक: देईल. म्हणून उद्या आधी तालुक्याच्या दुकानात जाऊन विचारा, या मापाचा तांब्याचा कोअर आज मिळतो का, आणि घड्या किती. मिळत नसेल तर माझा अर्धा मुद्दा तिथेच संपतो. मिळत असेल तर येताना विहिरीच्या पाण्याची बाटली भरून घ्या आणि तपासायला द्या. क्लोराईडचा आकडा हातात आल्याशिवाय ॲल्युमिनियमची ऑर्डर देऊ नका.